सीबीएसई अकरावीत पाचवा विषय म्हणून शास्त्रीय गायन आत्ता सुरू केलं तर जमेल का? (ठाणे)

जमेल, पण गळा सुरात असेल तरच. माझ्या भाचीने अकरावीतच घेतलं होतं. त्याआधी शाळेच्या प्रार्थनेपलीकडे गाणं नव्हतं.

बारावीला लेखी 30 आणि प्रात्यक्षिक 70 गुणांचं, त्यामुळे पाठांतरावर निभावत नाही. भैरव, बागेश्री, मालकंस हे राग बंदिशीसह (त्या रागात बांधलेल्या गीतासह) गावे लागतात. त्यातल्या त्यात मालकंस पाच स्वरांचा म्हणून सोपा वाटतो, पण त्यातला कोमल धैवत (खालचा ‘ध’) जरा वर चढला की लगेच कळतं.

खरी दमछाक तालात. हातावर टाळी आणि खाली (टाळी न देता हात बाजूला नेणं) दाखवत तालाचे बोल ठाय (मूळ लय) आणि दुगुन (दुप्पट लय) म्हणायचे. भाची ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर झपताल (दहा मात्रांचा ताल) मोजायची: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुनीत ‘ती ना’ला हमखास घसरायची. शेजारच्या मावशी आधी टकामका बघायच्या, नंतर त्याच ‘खाली’ दाखवायला लागल्या!

आधी शाळेत विचारा, शिक्षक आहेत का. नसतील तर विषय घेऊ नका, बाहेरच्या क्लासच्या भरवशावर तर मुळीच नको. निर्णयही आत्ताच घ्या, अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, बारावीत बदल करणं अवघड.

गांधर्व महाविद्यालय मंडळ या संगीतसंस्थेच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे परीक्षा वेगळ्या. त्या दिल्याने बोर्डाचा विषय होत नाही. रियाज मात्र दोन्हीकडे कामी येतो. रोज सकाळी अर्धा तास, तानपुरा ॲपवरचा चालेल.