प्रात्यक्षिकाच्या वेळी जे दिसलं, ते कुणाला सांगायचं?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या सराव प्रात्यक्षिकाला मी पर्यवेक्षक होते, एक ज्येष्ठ सहकारी परीक्षक होते. एका विद्यार्थिनीच्या टेबलापाशी ते पुन्हा पुन्हा जात होते. ब्युरेटचं रीडिंग दाखवायच्या निमित्ताने त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. ती बाजूला सरकली, तेही सरकले. तोंडी परीक्षेत तिचा नंबर मधला होता, पण तिला शेवटी ठेवून बाकीच्यांना जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘मॅडम, माझी वायवा (तोंडी परीक्षा) तुम्ही घ्याल का?’ का विचारलं तर ‘काही नाही’ म्हणून निघून गेली. उपप्राचार्यांना सांगितलं, तर ‘बोर्ड तोंडावर आलंय, परीक्षा होऊ द्या, मग बघू’ असं उत्तर मिळालं. माझ्याकडे पुरावा नाही. माझा गैरसमज असेल तर एका माणसाची विनाकारण बदनामी होईल. नोकरीचीही धास्ती आहे. काय करू?

उत्तर : मॅडम, ‘पुरावा नाही’ हे तुमच्या पत्रातलं एकमेव वाक्य मला पटलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी साक्षीदार हा कायद्याच्या भाषेत पुरावाच असतो. हात ठेवला, तो काढला नाही, मुलगी सरकली, मागोमाग तेही सरकले, नंबर असताना तिला शेवटी थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने परीक्षक बदलून मागितला. एवढं सगळं तुम्ही पाहिलं-ऐकलं आहे. त्यामागचा हेतू तुम्हाला माहीत नाही, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाहीच.

म्हणून पहिलं काम आज रात्रीच करा. तारीख, वेळ, प्रयोगशाळेत कोण कुठे होतं, दार उघडं होतं की लोटलेलं, कोण काय बोललं, हे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करा. ‘विचित्र नजरेने बघत होते’ असली वाक्यं गाळा. ‘तिने स्टूल डावीकडे ओढलं, ते पुन्हा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले’ हे ठेवा. उलटतपासणीत विशेषणं पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतात, स्टूल मात्र जागचं हलत नाही.

आता कायदा. बारावीतली मुलगी बहुधा १८ वर्षांच्या आतली असते, तरीही जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख पाहून घ्या, कारण पुढचं सगळं त्या तारखेवर अवलंबून आहे. १८ पूर्ण नसतील तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो लागू होतो. त्याच्या कलम ७ नुसार लैंगिक हेतूने केलेला शारीरिक स्पर्श हा लैंगिक हल्ला ठरतो. कपड्यावरून झालेला स्पर्श या कलमात बसतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मिटवला. त्वचेला त्वचा लागणं गरजेचं नाही, हेतू महत्त्वाचा, असं सांगून न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा उलटा निकाल रद्द केला. हाच गुन्हा शिक्षणसंस्थेतल्या कर्मचाऱ्याने त्याच संस्थेतल्या मुलाशी किंवा मुलीशी केला, तर तो कलम ९ खाली गंभीर स्वरूपाचा होतो आणि शिक्षा किमान ५ ते कमाल ७ वर्षांची असते.

तुम्ही पाहिलेलं या कलमात बसतं का? ठामपणे ‘हो’ म्हणणारा वकील भेटला तर जरा जपून राहा. शिकवताना खांद्यावर पडलेला हात आणि हा हात यांतला फरक परिस्थितीवरून ठरतो. मुलगी सरकल्यावर माणूस थांबतो की पाठोपाठ जातो, हे माझ्या मते इथलं सर्वांत बोलकं. शेवटी एकटीला थांबवणं त्याच्या खालोखाल. पण निष्कर्ष काढण्याचं काम आधी तपास अधिकाऱ्याचं आणि मग विशेष न्यायालयाचं आहे.

तुम्ही कधी बोलायचं, हे कलम १९ सांगतं. गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्यानेच नव्हे, तर तो घडण्याची शक्यता आहे अशी भीती वाटणाऱ्यानेही ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. इथे कायद्याने खात्री मागितलेली नाही, वाटणारी रास्त भीती पुरे आहे. घडलेल्या गुन्ह्याची माहिती न देणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बारकावा असा की ही शिक्षा घडलेला गुन्हा न कळवण्याबद्दल आहे, केवळ शंका मनात ठेवल्याबद्दल नाही. पण पाठीवरचा हात जर गुन्हाच ठरला, तर तो तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला असेल. या बारकाव्याच्या आडोशाला उभं राहू नका.

संस्थाप्रमुखाची जबाबदारी याहून जड आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा त्याने कळवला नाही तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘परीक्षा होऊ द्या’ अशी सवलत या कलमात कुठेही नाही. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका वसतिगृहाच्या प्रकरणात म्हटलं. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही याच कारणाने गुन्हा नोंदवला गेला. उपप्राचार्यांना हे सौम्य शब्दांत ऐकवायला हरकत नाही. बहुतेक वेळा ‘मग बघू’ म्हणणाऱ्यांना आपण स्वतः काय ओढवून घेतोय याची कल्पनाच नसते.

गैरसमज निघाला तर? सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलं आहे. कलम २२ ची शिक्षा आहे ती अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामीच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला. पाहिलं तेवढंच सांगणारी, निष्कर्ष न काढणारी शिक्षिका त्यात बसत नाही. बदनामीचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला अपवाद आहे. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र नाही. तिथे एक अक्षरही टाकू नका, स्टाफरूममध्ये विषय काढू नका. मुलीची ओळख उघड होणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि अशा कुजबुजीतूनच ती उघड होते.

मुलीशी कसं बोलावं, याची मला तुमच्या नोकरीपेक्षा जास्त काळजी आहे. तिला समोर बसवून ‘नक्की काय झालं, कुठे हात लावला’ असं खोदून विचारू नका. एक तर तिला ते पुन्हा भोगावं लागतं. दुसरं, उद्या बचाव पक्ष म्हणेल की हे सगळं मॅडमनीच तिच्या तोंडी घातलं. ‘तू वायवाबद्दल विचारलंस ते माझ्या लक्षात आहे, त्याची व्यवस्था मी करते. तुला काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, पण ते गुपित ठेवीन असं वचन मला देता येणार नाही’ एवढंच बोला. शेवटचा भाग टाळू नका, कायद्याने तसं वचन तुम्हाला पाळताच येणार नाही. तिने काही सांगितलंच तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तिचा फोन मागू नका, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट स्वतःकडे घेऊ नका. फोन जसा आहे तसा राहू द्या. पालकांना विश्वासात घ्यायला हवं, पण ‘घराण्याची अब्रू’ म्हणून ते गप्प बसले तरी कलम १९ खालचं तुमचं कर्तव्य संपत नाही.

ती घाबरली असेल ती ३० गुणांना. लेखी परीक्षा ७० ची, प्रात्यक्षिक ३० चं, आणि हे ३० कुणाच्या हातात आहेत ते तिला माहीत आहे. तिला एवढं कळू द्या की जबाबासाठी ठाण्यात बसून राहावं लागत नाही. कलम २४ आणि २६ नुसार जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो, आणि आईवडील किंवा तिच्या विश्वासाची व्यक्ती सोबत असते. पेपरच्या दिवशी बोलावू नका, अशी विनंतीही ती करू शकते.

पोलिसांकडे जाण्याआधी किंवा त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. त्यात आरोपाची भाषा नको. पाहिलेल्या गोष्टी लिहा आणि तीन मागण्या करा : बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला या विद्यार्थिनीसाठी दुसरा परीक्षक द्यावा (त्यासाठी विभागीय मंडळाशी पत्रव्यवहार लागला तर तो प्राचार्यांनी करायचा), तोंडी परीक्षा आसनक्रमाने, दार उघडं ठेवून, दुसऱ्या शिक्षकाच्या उपस्थितीत व्हावी, आणि प्रयोगशाळेत, व्हरांड्यात कॅमेरे असतील तर त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवावं. तिसरी मागणी सर्वांत तातडीची, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं आणि मग मागायला काही उरत नाही. या मागण्यांसाठी कुणाला दोषी ठरवावं लागत नाही, त्यामुळे ‘सिद्ध कुठे झालंय’ हे उत्तर इथे चालणार नाही.

पण हा अर्ज म्हणजे पोलिसांना दिलेली माहिती नव्हे. प्राचार्यांना सांगितलं की आपण सुटलो, असा शिक्षकांमध्ये सर्रास समज आहे. कलम १९ मध्ये प्राचार्यांचं नावच नाही. थेट ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करा. तातडीचा धोका दिसला तर ११२.

नोकरीबद्दल थोडक्यात. खासगी अनुदानित संस्थेत कायम असाल तर १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली तुमच्या पाठीशी आहे. चौकशीशिवाय काढता येत नाही आणि काढलंच तर शाळा न्यायाधिकरणात अपील आहे. परिवीक्षेवर किंवा तासिका तत्त्वावर असाल तर संरक्षण पातळ आहे, हे लपवत नाही. तेव्हा तर कागद आणखी चोख हवेत.

मुलीला १८ पूर्ण असतील तर पॉक्सो बाजूला पडतो. मग भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ (विनयभंग) आणि ७५ (लैंगिक छळ) आहेत, संस्थेची अंतर्गत तक्रार समिती आहे, आणि तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा आहे. परीक्षक बदलून मागणारा तुमचा अर्ज तेव्हाही तितकाच योग्य.

एक गोष्ट जवळजवळ नक्की होईल. संस्थेतलं कुणीतरी मध्ये पडून ‘सरांनी माफी मागितली, पालकांचीही हरकत नाही, मिटवून टाकू’ म्हणेल. शिक्षकावरचा असाच गुन्हा तडजोडीच्या आधारे रद्द करणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरवला आहे. अशा कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणूनही सही करू नका. तुमची सही प्राचार्यांच्या अर्जावर असू द्या, आणि त्या अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.