बाबांना भाजी आणायला पाठवायचं, हा कसला उपचार?

प्रश्न : ताई, सासऱ्यांना उन्हाळ्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू. फिजिओ चालू आहे, घरात काठी घेऊन फिरतात. आता ऑक्युपेशनल थेरपिस्ट येते, तिने बाबांना आधी विचारलं दिवसभर काय करायचात, ते म्हणाले सकाळी खंडेराव मार्केटातून भाजी आणायचो, तर म्हणे चला त्याचीच तयारी करू! अहो आम्ही सगळं हातात देतो, मग हा खटाटोप कशाला? फी बाजारात जायची द्यायची का?
– एक सून, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : फी बरोबर जागी जातेय. फिजिओचा भर ताकद, तोल, चालणं यावर जास्त, आणि ओटीवाली, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विचारते की ती ताकद वापरून यांना करायचंय काय. जागतिक आरोग्य संघटनेच्या, माणसाचं कामकाज आणि अपंगत्व यांच्या २००१ च्या वर्गीकरणातसुद्धा एखादं काम करता येणं आणि रोजच्या जगण्यात सहभाग असणं, या वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. बाबा उद्या उजव्या हाताने बटाटा उचलतील पण घरात आज भाजी कुठली हेसुद्धा त्यांना कोणी विचारत नसेल तर काय उपयोग? उलट पिशवी तुम्ही धरलीत, पण भेंडी मोडून बघणं, भाव करणं, भाजीवाल्या बेनशी गुजरातीत हुज्जत घालणं त्यांच्याकडे राहिलं तर तो सहभागच झाला. (उजवी बाजू गेली की कधीकधी बोलणंही अडखळतं, तसं असेल तर भाव बोटांवर करू द्या, मध्ये बोलू नका.)

ओटीत एक कॅनडाची पद्धत बरीच वापरतात, त्यात पेशंटच आपल्याला महत्त्वाची कामं निवडतो आणि आत्ता किती जमतं, त्यात समाधान किती, याला १० पैकी मार्क देतो, मग काही दिवसांनी परत. मार्क बाबांचे, तुमचे नाहीत. सगळं हातात देणाऱ्या घरांना हेच जड जातं, माया असते हो, पण माणूस पाहुणा होऊन बसतो.

आता एकदम मार्केटात नेऊ नका. आधी घरी भाजी निवडणं, सुट्टे पैसे मोजणं, मग दारावरची भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, मग गर्दी नसताना मार्केट, आणि तेही डॉक्टर आणि थेरपिस्टला विचारून. काठी डाव्या हातात म्हणजे चांगला हात अडकलेला, म्हणून खांद्यावरून आडवी घालायची झोळी बघा. आणि वांगी किडकी निघाली तर घरी आल्यावर टोमणा नको.