सातवं क्रीम घेण्याआधी

डिसेंबर लागला की त्वचेच्या समुपदेशनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "रोज क्रीम लावते, तरी पाय पांढरे पडतात, रात्री खाज सुटते. याहून भारी कुठलं आहे का?" आम्ही क्रीमचं नाव लगेच सांगत नाही. आधी अंघोळीची चौकशी करतो.

खालची हकीकत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मावशींची. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, काम घरी बसून बिड्या वळण्याचं. सून घेऊन आली होती आणि तिच्या पिशवीत सहा क्रीम होती. "आत्यांना आता सातवं कुठलं देऊ, तेवढं सांगा," असं तिचं म्हणणं. मावशींचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं: "काय बी लावा, चार तासांत पाय परत पांढरे."

दोन्ही नडग्यांवर बारीक, जाळीदार भेगा होत्या आणि मधली कातडी लालसर झालेली. टाचा फाटलेल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दोन्हींची टोकं चिरलेली.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: घरात आणखी कोणाला खाजतंय का? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असेल, खाज रात्री वाढत असेल आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास होत असेल, तर तो कोरडेपणा नव्हे, खरूज असण्याची शक्यता मोठी. त्याला मॉइश्चरायझर कितीही चोपडलं तरी उपयोग नाही. डॉक्टरांकडून निदान करून पर्मेथ्रिनसारखं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं, आणि आठवड्याभराने पुन्हा. एकट्याने लावलं की शेजारी झोपणाऱ्याकडून खरूज परत येते. मावशींच्या घरात दुसऱ्या कोणालाही खाज नव्हती, बेचके स्वच्छ होते. म्हणून पुढे गेलो.

"सोलापुरात कुठली आलीय थंडी?" हे वाक्यही नेहमीचं. दुपारी पारा तिशीला टेकतो, हे खरंच. पण त्वचेचं नुकसान नुसत्या गारठ्याने होत नाही, कोरड्या हवेने होतं. पाऊस संपला की इथली हवा झपाट्याने सुकते, पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो, आणि दिवसाचं ऊन मात्र कडकच राहतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधल्या फटींत चरबीसारखी द्रव्यं भरलेली असतात आणि ती पाणी आत धरून ठेवतात. नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी, आणि वयाबरोबर ही द्रव्यंही कमी होत जातात. म्हणून पहिल्या भेगा तिथेच दिसतात.

मावशींची अंघोळ अशी होती: पहाटे बंबातलं कढत पाणी, त्यात जंतुनाशकाचं एक झाकण, लाल साबण अंगभर दोनदा, आणि वजरीने टाचांबरोबर नडग्याही घासायच्या, कारण "खाजतंय तिथं बरं वाटतं." मग जाड सोलापुरी टॉवेलने खसाखसा पुसायचं, पूजा, चहा, आणि तासाभराने क्रीम.

यातली प्रत्येक पायरी वरच्या थरातली चरबी काढून टाकते. कढत पाणी ती सैल करतं. साबण आम्लारी असतो, त्याचा सामू (pH) नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा पाचच्या आसपास. घरी बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चोथा बनतो आणि तो अंगावरच राहतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्त्यांत बोअरशिवाय इलाज नसतो. वरून वजरी. आणि शेवटी क्रीम येतं तेव्हा अंगावरची ओल केव्हाच उडून गेलेली असते. क्रीम हे झाकण आहे. भांड्यात पाणीच उरलं नसेल तर झाकणाने काय राखायचं?

म्हणून सातवं क्रीम बाजूला ठेवलं आणि अंघोळ बदलली. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर ऊब लागावी, चटका नाही. वेळ पाच ते सात मिनिटं. साबण फक्त काखा, जांघा आणि तळपाय यांना. नडग्या आणि हात नुसत्या पाण्याने. तोही नेहमीचा साबण नाही, सिंडेट वडी, जिच्या वेष्टनावर 'सोप-फ्री' असं लिहिलेलं असतं. जड पाण्यातही तिचा चोथा होत नाही. जंतुनाशक बंद. टॉवेल घासायचा नाही, दाबून टिपायचा, अंग किंचित ओलसर राहील इतपतच. आणि तीन मिनिटांच्या आत क्रीम. डबी कपाटात ठेवली तर हे कधीच जमत नाही. ती न्हाणीघराच्या कोनाड्यातच हवी. पूजा क्रीम लावल्यानंतर.

किती लावायचं, हे फार कमी जणांना सांगितलेलं असतं. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला पाऊल धरून अशा आठ रेघा लागतात, एका हाताला पंजा धरून चार. दोन्ही हातपाय मिळून एका वेळी १२ ग्रॅम, दिवसातून दोनदा लावलं तर २४. म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपायला हवी. मावशींची ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना चालत होती! "एवढं भारी, जपून लावते," म्हणाल्या. महागडं क्रीम जपून लावण्यापेक्षा साधं क्रीम सढळ हाताने लावलेलं केव्हाही बरं, हे आमचं ठाम मत. मेडिकलमध्ये पांढरं मऊ पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेली बिनवासाची मोठी डबी मिळते. तीही परवडत नसेल तर ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, पण कोरड्या हवेत ते एकटं पुरत नाही, आणि निव्वळ लावलं तर भेगांत झोंबतं. तळहातावर एक भाग ग्लिसरीनमध्ये तीन भाग पाणी मिसळून ओल्या अंगाला लावायचं आणि त्यावर जेलीचा पातळ हात फिरवायचा. मिश्रण बाटलीत भरून ठेवू नये, खराब होतं.

तेलाबद्दल सुनेने विचारलंच. खोबरेल चालतं, पण अंघोळीनंतर, ओलसर अंगावर. सकाळी ते गोठलेलं असतं, तळहातावर चोळलं की वितळतं. अंघोळीआधी चोपडून मग डाळीच्या पिठाने खरवडून काढलं तर लावल्याचा फायदा निम्माही राहत नाही. मोहरीचं तेल चिरलेल्या त्वचेला लावू नये. भोगीला तिळाचं उटणं जरूर लावा, फक्त नडग्या बऱ्या झाल्या नसतील तर तिथे चोळू नका. आणि "रोज तीन लिटर पाणी पिते" याचा कोरड्या नडग्यांवर फारसा परिणाम होत नाही.

पिशवीतल्या सहा क्रीममध्ये एक ट्यूब खोक्याशिवायची होती. ओळखीच्या कोणीतरी 'खाजेवर रामबाण' म्हणून दिलेली. घटकांत क्लोबेटासोल, म्हणजे तीव्र स्टेरॉइड, सोबत बुरशीनाशक आणि प्रतिजैविक. लावली की दोन दिवस खाज बसते, सोडली की उसळते, म्हणून माणूस पुन्हा लावतो आणि त्वचा पातळ होत जाते. नायटा असेल तर तो दबतो आणि पसरतो. मावशींनी ती एकदोनदाच लावली होती, म्हणून तिथेच थांबवली. चेहऱ्यावर महिनोन्महिने अशी ट्यूब लावणाऱ्यांनी मात्र ती मनानेच एकदम बंद करू नये, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

टाचांची घाई वेगळ्याच कारणाने होती. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि मावशींना नंदीध्वजांमागे अनवाणी चालायचं होतं. खोल भेगा भरायला चार ते सहा आठवडे धरावेच लागतात. आधी साखर तपासून यायला सांगितलं. मधुमेह असेल तर टाचेला वजरी, ब्लेड काही लावायचं नाही, थेट डॉक्टर. रिपोर्ट ठीक आला. भेगांतून रक्त येत होतं म्हणून पहिले काही दिवस फक्त रात्री जेली आणि सुती मोजे. भेगा मिटल्यावर रोज रात्री कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय, सोडा किंवा डिटर्जंट काही न टाकता. आठवड्यातून दोनदा वजरी, हलक्या हाताने, फक्त जाड कडेवर. मग २० ते २५ टक्के युरियाचं क्रीम त्याच जाड कातडीला, आणि मोजे. युरिया जाड कातडी मऊ करतो आणि पाणी धरतो, पण उघड्या भेगेत आग करतो.

युरिया सुरू केल्यावर चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. उरलेलं युरियाचं क्रीम मावशींनी नडग्यांनाही लावलं होतं आणि भयंकर आग होत होती. नडगीला पाच-दहा टक्क्यांचं चालतं, तेही लालसरपणा गेल्यावर. दुसरी तक्रार: जेली लावून शहाबादी फरशीवर पाय सटकला. जेली पलंगावर बसूनच लावायची आणि मोजे घातल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आम्ही आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. जेली किंवा पॅराफिन मुरलेलं कापड चटकन पेट घेतं आणि नुसत्या धुण्याने ते पूर्ण निघत नाही. त्या मोज्या-चादरींनिशी शेगडीजवळ किंवा शेकोटीला बसू नये.

खाज पहिल्या आठवड्यात उतरली, नडग्यांची जाळी तिसऱ्यात दिसेनाशी झाली. हाताची बोटं मात्र तशीच राहिली. बिडी वळताना क्रीम चालत नाही. पान सटकतं आणि तंबाखूची भुकटी बोटांना चिकटते. म्हणून कामाला बसण्याआधी अर्धा तास लावून टोकं पुसून घ्यायची, काम उरकल्यावर हात धुऊन लगेच, आणि रात्री जाड थर, असं वेळापत्रक बसवलं होतं. तरी फक्त उजव्या हाताची दोनच बोटं चिरत राहणं हे कामातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या त्वचादाहाचं लक्षण असू शकतं. तिथे आमचं काम संपतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात पाठवलं. तिथे दिलेलं मलम ठरावीक दिवसांपुरतं होतं, क्रीम मात्र चालूच ठेवायला सांगितलं.

जाता जाता सुनेने स्वतःचंही विचारलं: कोंडा वाढलाय, रोज तेल लावते. कोंड्याची बुरशी डोक्यावरच्या तेलावरच जगते, तेलाने कोंडा ओला होऊन बसतो एवढंच. तेल थांबवून कीटोकोनॅझोल दोन टक्के शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं फेस डोक्यावर ठेवून, महिनाभर. ओठांना कापूर-मेंथॉलवाला बाम नको, साधी जेली लावा, आणि ओठ चाटू नका.

महाशिवरात्रीनंतर ऊन चढायला लागलं की जेली बंद करून हलक्या लोशनवर या. सोलापूरच्या मार्चमध्ये जेलीखाली घाम अडकतो आणि मांड्या-पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. मग डिसेंबरात क्रीम विचारायला आलेल्या ताईच एप्रिलमध्ये पुरळ दाखवायला येतात.