फ्रान्सच्या जुन्या गावांतून सायकलवर: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

प्रश्न: आम्ही तिघं दिवसाला 90-100 किलोमीटर आरामात चालवतो. जुनी गावं पाहायला मिळतील, रहदारी कमी असेल आणि रेल्वे स्टेशनपासून निघून तिथंच परत येता येईल, असा एका दिवसाचा एकच फेरा निवडायचा तर कोणता?

उत्तर: फिजाकचा. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लॉट विभागातल्या (विभाग म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा) या गावातून निघायचं, सेले नदीच्या काठानं खाली जायचं आणि लॉट नदीच्या काठानं परत यायचं. अंतर सुमारे 100 किलोमीटर. याच दिशेनं जा, उलट जाऊ नका. सेले पश्चिमेकडे वाहत जाऊन काँदुशेजवळ लॉटला मिळते, त्यामुळे सकाळचा निम्मा रस्ता नकळत उताराचा लागतो. शिवाय सँ-सिर्क-लापोपी हे सगळ्यात गर्दीचं गाव सकाळीच गाठता येतं.

फिजाकमधून बाहेर पडताना थोडं अंतर मोठ्या रस्त्यावरून जावं लागतं, ते सात-साडेसातलाच उरकून टाका. पुढे डी 41 हा रस्ता धरला की तो काँदुशेपर्यंत सोडायचा नाही. वाटेत एस्पान्याक-सँत-उलालीचा जुना मठ लागतो, मग कड्याला चिकटून बसलेलं सँ-सुल्पिस, मग मार्सियाक. मार्सियाकच्या मठाचा बराच भाग पडलेला आहे आणि भिंतींच्या मधोमध उघड्या आकाशाखाली उभं राहता येतं. इथं घाई करू नका, या फेऱ्यातली सगळ्यात शांत जागा हीच. काब्रेरेच्या वर पेश मेर्लची गुहा आहे, ठिपकेवाल्या घोड्यांच्या चित्रांची. रोजच्या प्रवेशांची संख्या ठरलेली असल्यानं तिकीट आधी काढून ठेवा. आत तापमान 12 अंशांच्या आसपास असतं, तेव्हा घामानं भिजलेल्या जर्सीवर घालायला एक पातळ जाकीट खिशात असू द्या. मात्र गुहा आणि सकाळचं सँ-सिर्क ही दोन्ही एका दिवसात जमत नाहीत. गुहा पाहायची असेल तर फिजाकमध्ये आणखी एक मुक्काम करा.

काँदुशेहून बूझिएसचा अरुंद पूल ओलांडला की डी 40 चढायला लागते. सँ-सिर्क नदीपासून सुमारे 100 मीटर उंच कड्यावर आहे, पण हा रस्ता आधी गावाच्याही वर नेतो. बांकुरेलच्या वळणावर अख्खं गाव खाली दिसतं आणि मग उतरून गावात शिरायचं. 2012 साली टीव्हीवरच्या मतदानात हे फ्रेंचांचं सगळ्यात आवडतं गाव ठरलं. जुलै-ऑगस्टमध्ये साडेदहानंतर तिथं सायकल हातात धरून चालणंही मुश्कील होतं. गल्ल्या तीव्र उताराच्या आणि गोट्यांच्या फरशीच्या आहेत. रोड सायकलच्या क्लीटखाली (पेडलमध्ये अडकणारा बुटाच्या तळाचा तुकडा) त्या साबणासारख्या निसटतात, म्हणून क्लीटवर चढवायची रबरी टोपणं न्या.

पलीकडून उतरून पुलावरून तूर-द-फोरला या आणि डी 662 धरून नदीच्या वरच्या दिशेला काजार्कपर्यंत जा. तिथून लारोक-तोआराकच्या किल्ल्याखालून पुढे गेलात की फेसेलचा चढ येतो. सत्तर-ऐंशी किलोमीटर झाल्यावर तो जड जातो, त्यामुळे काजार्कला पोटभर खाऊन घ्या.

प्रश्न: नकाशावर सगळेच रस्ते 'डी' दिसतात. शांत कोणते आणि ट्रकचे कोणते, हे कसं ओळखायचं?

उत्तर: 'डी' म्हणजे तो रस्ता विभागाच्या ताब्यात आहे, एवढंच. रुंदीबद्दल किंवा रहदारीबद्दल ते अक्षर काही सांगत नाही. खरी माहिती क्रमांकात दडलेली असते. 2006 च्या सुमारास केंद्र सरकारनं कितीतरी राष्ट्रीय महामार्ग विभागांकडे सोपवले आणि त्यांना 800-900 च्या घरातले किंवा चार आकडी क्रमांक मिळाले. लॉटमधला एन 20 ('एन' म्हणजे राष्ट्रीय) आता डी 820 आहे. आविन्याँहून आप्तकडे जाणारा एन 100 व्होक्लुझ विभागात डी 900 झाला, आणि विभागाची हद्द ओलांडताच तोच रस्ता डी 4100 होतो. हे रस्ते सरळ, रुंद आणि वेगाचे. सायकलला बंदी नसली तरी त्यांवरून जाण्यात काही अर्थ नाही. अर्थात हा आडाखा आहे, नियम नव्हे: मोठा क्रमांक असूनही निवांत असलेले रस्ते सापडतात, डी 662 हे त्याचंच उदाहरण.

म्हणून क्रमांकाला नकाशाची जोड द्या. मिशलाँच्या कागदी नकाशावर पांढरे रस्ते सगळ्यात कमी रहदारीचे, पिवळे त्याहून मोठे आणि तांबडे टाळायचे. रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य, पण म्हणूनच उन्हाळ्यात तिथं मोटारीही जास्त. रस्त्यावरचे छोटे बाण चढाच्या दिशेला तोंड करून असतात: एक बाण 5 ते 9 टक्के, दोन 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून तीव्र. दोन बाण दिसले आणि पाठीवर सामान असेल तर पुढे 34 दात्यांची चेनरिंग आणि मागे किमान 32 दात्यांची चकती हवी.

ॲपवर आखलेल्या मार्गात एक खोट हमखास असते: शेतातली कच्ची वाट ॲपला पक्का रस्ता वाटते. निघायच्या आदल्या रात्री शंका येईल तो तुकडा उपग्रह चित्रावर पाहा. मधोमध गवताची पट्टी दिसली की दुसरी वाट शोधा.

प्रश्न: आग्नेय फ्रान्समधल्या ल्युबेराँमध्ये मिस्त्राल वाऱ्याचा कितपत त्रास होतो? तिथला आखलेला मार्ग नवख्यांना झेपेल का?

उत्तर: मार्ग उत्तम आहे. काव्हायाँ, आप्त, फोरकाल्किये, मानोस्क असा 236 किलोमीटरचा फेरा असून एका दिशेला पांढऱ्या आणि उलट दिशेला गेरू रंगाच्या पाट्या आहेत. चार दिवस ठेवा. चढ नको असतील तर जुन्या रेल्वेमार्गावरची कालाव्होंची हरित वाट घ्या. ती पाँ ज्युलियाँ या तीन कमानींच्या रोमन पुलापाशी नेते. इसवी सनापूर्वी 3 च्या सुमारास बांधलेल्या या पुलावरून 2005 पर्यंत मोटारी जात होत्या. आता तो फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी आहे.

मिस्त्राल उत्तर-वायव्येकडून येतो आणि एकदा सुटला की कधीकधी काही दिवस थांबत नाही. धोका समोरच्या वाऱ्याचा कमी, बाजूच्या झोताचा जास्त. शेतांच्या कडेला वारा अडवायला सायप्रसच्या दाट रांगा लावलेल्या असतात. त्यांच्या आडोशानं जाताना सगळं शांत वाटतं, आणि रांग संपते तिथं झोत एकदम अंगावर येतो. रांग संपायच्या आधीच हात हँडलच्या खालच्या भागावर आणि सायकल कडेपासून मीटरभर आत हवी. खोल रिमची चाकं इथं नेऊ नका.

प्रश्न: टायर किती रुंदीचे घ्यावेत? 25 मिलिमीटरवर भागेल का?

उत्तर: भागेल, पण का भागवायचं? सायकलमध्ये जागा असेल तर 32 लावा, नाहीतर 28. साधारण 75 किलो वजनाच्या माणसानं 32 च्या ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे 55 आणि मागे 60 पीएसआय, 28 मध्ये 70 आणि 75 च्या आसपास हवा ठेवावी. गावातल्या फरशीवर आणि डागडुजी केलेल्या डांबरावर मनगटं वाचतात.

खरी काळजी घ्यायची ती बारीक खडीची. छोट्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पातळ डांबर फवारतात, वर खडी पसरतात आणि रोलर फिरवतात. उरलेली खडी मोटारींच्या चाकांखाली दबावी म्हणून रस्ता लगेच खुला करतात. झाडून काढेपर्यंत सुटी खडी मधोमध, कडेला आणि वळणांवर साचून राहते. 'ग्राव्हियाँ' (बारीक खडी) अशी पाटी दिसली की वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, सायकल कलंडवू नका आणि मोटारींच्या चाकांनी स्वच्छ केलेल्या पट्ट्यातूनच चालवा. कडक उन्हात डांबर वर येऊन काळे चकचकीत डाग दिसतात. त्यांवर खडी टायरला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्याला आत रुतत जाते. थांबून ती काढा. चालत्या चाकावर हातमोजा घासायच्या फंदात पडू नका, बोटं अडकतात. संध्याकाळी टायर हळूहळू फिरवून प्रत्येक चीर टाचणीनं तपासा.

शरद ऋतूपासून पंक्चरचं आणखी एक कारण वाढतं. काटेरी कुंपणं यंत्रानं छाटतात आणि काटे रस्त्यावर पडून राहतात. तेव्हा माणशी दोन ट्यूब लागतात.

प्रश्न: डाव्या बाजूनं चालवायची सवय आहे. तिथं कशाचं भान ठेवावं?

उत्तर: उजवीकडून येणाऱ्याचं. चौकात पाटी किंवा रेघ नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून निघालेला ट्रॅक्टर का असेना. ट्रॅक्टरवाला त्याच्या डावीकडे, म्हणजे तुमच्याकडे, बघेलच याची खात्री नसते, कारण हक्क त्याचा असतो. तांबड्या त्रिकोणात काळी फुली दिसली की पुढे असाच चौक आहे. पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी असेल तोवर हक्क तुमचा, आणि त्या हिऱ्यावर काळी तिरपी रेघ आली की संपला. ही रेघ बऱ्याचदा गावाच्या वेशीवरच असते. उतारावरून वेगात आलेला माणूस नेमकी तीच चुकवतो.

सायकल भाड्यानं घेणार असाल तर आधी ब्रेक तपासा. तिथं पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. उजव्या हाताला पुढचा ब्रेक असण्याची सवय असेल तर दुकानदाराला सांगून बदलून घ्या, पहिल्याच घाटात शिकत बसू नका.

बाकी नियम थोडक्यात: दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, पण मागच्या वाहनानं इशारा दिला की किंवा अंधार पडला की एकामागे एक. कानात इयरफोन असेल तर 135 युरो दंड. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. हेल्मेटची सक्ती 12 वर्षांखालच्या मुलांनाच आहे, तरी सगळ्यांनी घालावं.

प्रश्न: छोट्या गावांत पाणी आणि खाणं कुठं मिळतं?

उत्तर: पाणी दफनभूमीत. ती बहुधा गावाच्या कडेला असते आणि फुलझाडांसाठी तिथं नळ असतो. 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. आत शिरताना सायकल फाटकाबाहेर ठेवा, आवाज करू नका. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून पाणी बंद करतात.

खाण्याचं गणित वेळेचं आहे. साडेबारा ते तीन बहुतेक दुकानं बंद असतात, उपाहारगृहांत दुपारचं जेवण दोननंतर सहसा मिळत नाही, आणि बेकरी आठवड्यातून एक दिवस, बऱ्याचदा सोमवारी, बंद असते. रविवारी दुपारनंतर काहीही गृहीत धरू नका. पहिली उघडी बेकरी दिसेल तिथंच दुपारचीही पाव-चीजची सोय करून घ्या.

प्रश्न: सायकल रेल्वेनं नेता येते का?

उत्तर: येते. पॅरिसहून ब्रीवमार्गे काऑरकडे जाणाऱ्या आँतेरसिते या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवावी लागते, 10 युरोंना. जागा मोजक्याच असल्यानं सुट्ट्यांत त्या लवकर संपतात. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीत चाकं काढून सायकल 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत बसवली तर ती सामान म्हणून चालते. ब्रीवहून फिजाककडे जाणाऱ्या टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकलला साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण वेळापत्रकात त्या फेरीपुढे 'कार' किंवा 'ऑतोकार' लिहिलं आहे का ते पाहा. तसं असेल तर रेल्वेऐवजी बस येणार, आणि तिच्यात सायकल घेतीलच असं नाही.