टिप्स बदलल्याने आयईएमचा आवाज खरंच बदलतो का?

तुमची तक्रार मला अशी समजली: नव्या आयईएमचा (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचा) बेस, म्हणजे खालचे सूर, पातळ वाटतो, तबल्याची चाट आणि गायिकेचा 'स' कानाला टोचतो. कुणी स्पिनफिट कंपनीच्या टिप्स घ्या म्हणतंय, कुणी फोमच्या, आणि टिप्सवर (कानात जाणाऱ्या या मऊ टोप्यांवर) एवढे पैसे घालावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते खरेदीआधी डब्यातलीच एक साईझ मोठी टिप लावून बघा.

पातळ बेस आणि टोचणारा ट्रेबल (वरचे सूर) ही जोडी एकत्र आली की पहिला संशय सीलवर, म्हणजे टिप कान किती घट्ट बंद करते त्यावर, घ्यायचा. टिप आणि कानाची भिंत यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालच्या सुरांचा दाब तिथून निसटतो. वरच्या सुरांना त्या फटीने फारसा फरक पडत नाही. म्हणजे ट्रेबल वाढलेला नसतो, त्याला झाकणारा बेस गेलेला असतो. डग्ग्याचा घुमार गेला की चाट आपोआप बोचरी वाटणारच.

तपासणं सोपं आहे. टोन जनरेटरवर (एकच सूर वाजवणाऱ्या ॲपवर) कमी आवाजात ३० हर्ट्झ लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर आवाज भरून येत असेल तर सील अर्धवट आहे. दोन्ही कान वेगवेगळे तपासा, कारण ते सहसा तंतोतंत सारखे नसतात. एकात एम आणि दुसऱ्यात एल घालण्यात काहीही गैर नाही.

सीलनंतर खोली, म्हणजे टिप कानात किती आत जाते. फोरमवर ब्रँडवरून जेवढे वाद होतात त्याच्या निम्मेही खोलीवर होत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. टिपने कान बंद केला की टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेत अनुनाद तयार होतो, म्हणजे ठरावीक सूर तिथे घुमून जास्त मोठा होतो. ढोबळ हिशेबाने हे अंतर २० मिमी असेल तर तो साधारण ८,७०० हर्ट्झवर येतो, १५ मिमी असेल तर ११,६०० च्या आसपास. तुमचा 'स' याच भागात टोचतोय. टिप थोडी आत गेली की तो उंचवटा वर सरकतो आणि गाण्यात तिथे ऐकण्यासारखं कमी असल्यामुळे त्रासही घटतो. एटिमोटिक कंपनीच्या तीन पाकळ्यांच्या टिप्स मुद्दाम खोल जातात (सगळ्यांना ते सोसत नाही, मलाही नाही). नेटवरच्या ग्राफमध्ये ८ किलोहर्ट्झजवळ जो डोंगर दिसतो, तो पुष्कळदा मोजणीच्या कृत्रिम कानाचा असतो. तुमच्या कानात तो दुसरीकडे असू शकतो. म्हणूनच दुसऱ्याची शिफारस तुम्हाला तशीच्या तशी लागू पडत नाही.

आता टिपचं भोक. जेव्हीसीच्या स्पायरल डॉटसारख्या रुंद भोकाच्या टिप्स ट्रेबल मोकळा ठेवतात. फायनलच्या टाइप ई सारख्या अरुंद टिप्स वरचा भाग जरा आवरतात, म्हणून बेस भरदार वाटतो. पण टिप नॉझलच्या (आयईएमच्या ज्या नळीवर टिप बसते तिच्या) किती पुढे येते ते आधी बघा. नॉझल टिपच्या तोंडापर्यंत पोचत असेल, तर भोकाच्या रुंदीचा परिणाम नगण्य.

फोम ट्रेबल थोडा मऊ करतो, पण त्याचा मोठा गुण सील हाच. चिमटीत दाबून घाला आणि फुगेपर्यंत वीसतीस सेकंद धरून ठेवा, नाहीतर काही उपयोग नाही. लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट छान तोडतो. फक्त घाम आणि मळ शोषून काही महिन्यांत निकामी होतो, आणि धुऊन पुन्हा वापरण्याचे प्रयोग बहुतेक फसतात.

मागवण्याआधी नॉझलचा व्यास मोजा. शुअर आणि एटिमोटिकचं नॉझल ३ मिमीच्या आसपास बारीक, बहुतेक चिनी आयईएमचं ५ ते ६ मिमी. टिप सैल बसली तर आयईएम बाहेर येतो आणि टिप कानात राहते. तसं झालं तर पिन-चिमटे घालू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा.

हे सगळं करूनही 'स' टोचत राहिला, तर ५ ते १० किलोहर्ट्झचा टोन हळूहळू सरकवत नेमकी बोचरी जागा शोधा आणि इक्वलायझरमध्ये तेवढीच २-३ डेसिबल खाली घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट या ॲपमध्ये हे फुकटात होतं.