बसून प्यायचा चहा

"मॅडम, माझ्यात सातत्यच नाही. उत्साहाने सुरू करतो आणि महिन्याभरात सोडून देतो. मुळात माझा पिंडच तसला असेल."

ऑनलाइन काहीतरी करून पगाराला हातभार लावू पाहणाऱ्या आणि त्यासाठी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की आता पहिल्या भेटीत मी फक्त एवढंच विचारते : सोडून दिलंत त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? महेशचीही सुरुवात तिथूनच झाली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे.)

महेश छत्तीस वर्षांचा. भोसरीत एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात आहे. गुरुवारी सुट्टी, म्हणून नाशिक फाट्यावरून मेट्रोने सिव्हिल कोर्टाला उतरून चालत यायचा. घरी बायको वैशाली आणि आठ वर्षांची मुलगी, फ्लॅटचा हप्ता चालू. सुतासारख्या सरळ आखलेल्या अक्षरात त्याने एक वही आणली होती. पहिल्याच पानावर : पहाटे पाचला उठणे, सूर्यनमस्कार, इंग्रजी, मुलीचा अभ्यास, यूट्यूब चॅनल, वर्षअखेर महिना तीस हजार.

चॅनलची कल्पना फार चांगली होती. आयटीआयच्या पोरांना मोजमापाची साधनं मराठीत शिकवायची. मायक्रोमीटर हातात धरून त्याने मला समजावलं, की अर्धा मिलिमीटर पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू तेवढा सरकतो, आणि थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर ५० भाग, म्हणून ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजता येतं. मला यंत्रातलं काही कळत नाही, तरी ते कळलं. या माणसात जीव ओतून शिकवण्याची ताकद आहे हे मला त्याच क्षणी दिसलं, आणि तोच मान खाली घालून "जमत नाही" म्हणत होता, याचं वाईट वाटलं.

वही उलटत गेले तसं एक लक्षात आलं. चॅनल सुरू झालं गुढीपाडव्याला. चार व्हिडिओ, मग कोरी पानं. दसऱ्याला पुन्हा नवं पान, ड्रॉइंग करून देण्याच्या ऑनलाइन कामांसाठी प्रोफाइल. तीन आठवडे. दिवाळी पाडव्याला परत चॅनल, नव्या नावाने. पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी एकही त्याने सोडला नव्हता. मधे खंड पडला, की पुढचा मुहूर्त येईपर्यंत तो थांबायचा.

मुहूर्तावर माझा राग नाही. माझ्या घरीही पाडव्याला गुढी उभारतो आणि नव्या वहीवर स्वस्तिक काढतो. पण मुहूर्त आरंभासाठी असतो. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी पुन्हा बसायला पंचांग लागत नाही. महेशच्या मनात मात्र खंड म्हणजे सगळंच विटाळलं, आता नव्या वहीपासून, असं बसलं होतं. मी त्याला दोन वर्षांतले प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजायला सांगितलं. सत्त्याण्णव निघाले. तो स्वतःच चकित झाला. आळशी माणूस रात्रपाळी करून सत्त्याण्णव दिवस बसत नाही.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. मी त्याला सुचवलं, रोज रात्री नऊ ते साडेनऊ ठरवून टाका. पुढच्या गुरुवारी तो आला आणि म्हणाला, "मॅडम, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. नऊला मी लाइनवर असतो." दर आठवड्याला त्याची पाळी बदलते. सकाळची सात ते साडेतीन, मग दुपारची, मग रात्रीची. बदलत्या पाळीच्या माणसाला घड्याळ देऊन मी त्याला आणखी एकदा नापास करण्याची सोय केली होती. 'पहाटे पाचला उठा' सांगणाऱ्या रील्स तेच करतात. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे पाचला महेश उठत नाही, तो उभाच असतो.

म्हणून आम्ही वेळ सोडली आणि घटना शोधायला लागलो. अमुक झालं की मी तमुक करीन, असं आधीच जोडून ठेवलेला संकल्प नुसत्या संकल्पापेक्षा जास्त पाळला जातो, यावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलं आहे. पण तिन्ही पाळ्यांत सारखी येणारी अशी घटना कोणती? कंपनीची बस? ती सकाळी गर्दीची आणि रात्री झोपेची. जेवण? तेही तीन वेळांना. महेश बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक कप चहा असा असतो मॅडम, जो मी घरी बसून पितो. बाकीचे सगळे उभ्या उभ्या." फर्स्टला तो साडेचारला घरी आल्यावर असतो. सेकंडला सकाळी नऊला. रात्रपाळीत दुपारी झोपून उठल्यावर, चारच्या सुमाराला.

ठरलं. बसून प्यायचा चहा संपला, की कप बाजूला आणि वही समोर. पंधरा मिनिटं. त्यात व्हिडिओ झाला पाहिजे असं नाही. एक वाक्य लिहिलं, आलेखाच्या कागदावर एक आकृती काढली, तरी दिवस भरला. रात्रपाळीचे पहिले दोन दिवस पूर्ण सुट्टी, कारण अंगाची घडी बसायला वेळ लागतो आणि झोप मोडून उभं केलेलं काहीच टिकत नाही. सूर्यनमस्कार आणि इंग्रजी सध्या वहीतून बाहेर. मुलीचा अभ्यास आत राहिला. तो त्याचाच हट्ट होता आणि योग्य होता.

दुसरं बोलणं आकड्यांवर झालं, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. तीन महिन्यांत पैसे सुरू होतील असं त्याने धरलं होतं. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. (शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या व्हिडिओंचा वेगळा मार्ग आहे, तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वेळ या तासांत धरत नाहीत.) आम्ही कागदावर गणित केलं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ८०,००० वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. तेही झाल्यावर खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. महेश कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे मी तीन महिन्यांत हरलो, ते हरण्यासारखं नव्हतंच."

सबस्क्रायबर किती होतील हे त्याच्या हातात नाही, चहानंतरची पंधरा मिनिटं आहेत. वर्षअखेरचे तीस हजार आम्ही खोडले नाहीत, शेवटच्या पानावर नेले. कंपनीचं नेमणूकपत्र त्याने बाहेर काढून वाचलं, जोडकामाबद्दल काय अट आहे ते पाहिलं, आणि ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा शॉपमधला फोटो कधीच वापरायचा नाही हे स्वतःच लिहून ठेवलं. उत्पन्न आलं की रिटर्नमध्ये दाखवायचं, हेही. आणि कोणी 'आधी पैसे भरा, घरबसल्या लाइक करून कमवा' म्हणालं तर तिथून निघायचं. अशात अडकलेली दोन कुटुंबं मी पाहिली आहेत. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

चौथ्या भेटीला वैशालीताई बरोबर आल्या. वर्षापूर्वी महेशने कमाई शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सला चौदा हजार भरले होते, घरी न सांगता. ते त्यांना मेसेजवरून कळलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चौदा हजार गेले त्याचं नाही. मला वाटायचं हे मोबाइलवर टाइमपास करतात. सांगितलं असतं तर मी पोरीला घेऊन खाली गेले असते, घर शांत राहिलं असतं." महेशला रडू आलं. इतके महिने तो एकटाच, लपून, दार लोटून रेकॉर्डिंग करत होता. प्रत्येक खंडाची लाजही एकट्याचीच. सातत्य तुटण्यात या लपवण्याचा वाटा किती मोठा असतो, हे मला दरवेळी नव्याने जाणवतं.

सहाव्या आठवड्यात मुलीला ताप आला. पाच दिवस वही उघडली नाही. तो आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. "गेलं मॅडम. आता दसऱ्यापासून बघू." मी त्याला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी पाहिल्या, २०१०मध्ये तो प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. पाच दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, हेही मी त्याला सांगितलं. खोटा धीर मला देता येत नाही.

मग विचारलं, "लाइनवर एक पीस रिजेक्ट झाला तर तुम्ही काय करता?"

"टॅग लावतो, बाजूला ठेवतो. कारण बघतो. सेटिंगमध्ये करेक्शन देतो आणि पुढचा पीस काढून मोजतो."

"मशीन दसऱ्यापर्यंत बंद ठेवत नाही?"

तो हसला. पहिल्यांदाच. त्या गुरुवारी परतताना मेट्रोत बसून त्याने वहीत पाच कोऱ्या दिवसांवर बारीक अक्षरात लिहिलं, 'कारण : ताप'. करेक्शन म्हणून परतीचा पहिला दिवस फक्त पाच मिनिटांचा ठेवला.

याला आता आठ महिने झाले. चॅनलवर बावीस व्हिडिओ आहेत, सबस्क्रायबर तीनशेच्या आत. जाहिरातीचा रुपया अजून आलेला नाही. आयटीआयची दोन मुलं मात्र दर गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडे शिकतात, महिन्याला प्रत्येकी तीनशे रुपये देतात. पहिल्या सहाशेतून त्याने मुलीला कंपासपेटी आणली. वहीत कोरी पानं आहेतच. मी मोजायला सांगितली, सगळ्यात लांब खंड सात दिवसांचा निघाला.

मागच्या भेटीत वैशालीताईंनी सांगितलं, की आता कप खाली ठेवल्याचा आवाज आला की मुलगी टीव्ही बारीक करते आणि आतून विचारते, "बाबा, आज काय मोजायचंय?"