अब्राहमी धर्मांमधला देव चांगला आहे की दुष्ट?

एका शब्दात नाही सांगता येणार, कारण ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम तिघेही त्याला चांगलाच मानतात पण त्यांच्याच ग्रंथांत अंगावर काटा येईल असे प्रसंग आहेत. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात इस्राएलच्या शत्रू असलेल्या अमालेकी लोकांना बायका, तान्ही बाळं, गुरंढोरं सगळ्यांसकट मारून टाका असा देवाचा हुकूम आहे आणि तो मला कुठल्याच स्पष्टीकरणाने पचत नाही. तेव्हाचा काळच तसा होता म्हणतात, पण मग देव काळाच्या पलीकडचा कसा?

आता हे बघा, बायबलमधल्याच योनाच्या पुस्तकात निनवे शहर देवाच्या शिक्षेतून वाचतं म्हणून योना हा संदेष्टा रुसून बसतो आणि देव त्याला विचारतो की तिथे 1,20,000 हून जास्त माणसं आहेत, शिवाय पुष्कळ जनावरं, मग मी त्यांची कीव करू नको का? शत्रूच्या शहरातल्या गुरांचीसुद्धा काळजी! कुराणातही 114 पैकी 113 सूरा दयाळू, कृपाळू अल्लाहच्या नावाने सुरू होतात, आणि नरकाची वर्णनंही तिथेच आहेत.

प्रश्न जुनाच आहे, दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा ख्रिस्ती विचारवंत म्हणाला की जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, चर्चने त्याला बाहेर काढलं.

माझ्यापुरतं म्हणाल तर देव नष्ट करायला निघालेलं सदोम हे पापी शहर वाचवायला अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, 50 नीतिमान माणसांवरून 10 वर आणतो आणि देव ऐकून घेतो, तो देव मला खरंच चांगला वाटतो. पण अमालेकींच्या वेळी इस्राएलचा राजा शौल याने त्यांच्या राजाला जिवंत ठेवलं आणि चांगली गुरं राखून ठेवली तर देवाने शौलाला राजा म्हणून नाकारलंच, त्यामुळे सरसकट चांगला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.